झाडावर चढण्याच्या पहिल्या स्पर्धेची तयारी: काय आधी, काय नंतर

बडोद्यात झाडावर चढणाऱ्यांना तोटा नाही. नारळ उतरवणारे आहेत, छाटणीचे ठेकेदार आहेत, आखाड्यात मल्लखांब केलेली मुलं आहेत. पण दोर आणि हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) वापरून परदेशात होणाऱ्या वृक्षारोहण स्पर्धेची तयारी ही मंडळी बहुधा उलट्या टोकाने सुरू करतात. आधी वेग, मग सामान, मग गाठी, आणि नियमपुस्तक उघडतात ते विमानात बसल्यावर. स्पर्धेतून बाद होण्याचं कारण मात्र दमछाक क्वचितच असतं. लॅनयार्ड (कमरेची आखूड आधारदोरी) लावायचा राहतो, कॅराबिनरचं (दोर जोडायच्या उघडमिट कडीचं) गेट अर्धवट मिटलेलं असतं, नाहीतर वरून करवत खाली पडते. पुढचा क्रम या चुका डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. तो मोडू नका, विशेषतः चौथ्या टप्प्याआधी घड्याळ लावू नका.

टप्पा १: आधी नियमपुस्तक

या स्पर्धा जगभर साधारण एकाच साच्यात होतात आणि तो साचा इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेचा आहे. प्राथमिक फेरीत पाच प्रकार असतात: थ्रोलाइन (वजनाची छोटी पिशवी बांधलेली बारीक दोरी) फांदीवरून फेकणं, दोरावरून चढाई, वेगवान चढाई, कामाची चढाई आणि झाडावरून बचाव. त्यांच्या एकूण गुणांवर वरचे मोजके स्पर्धक मास्टर्स चॅलेंज या अंतिम फेरीत जातात. पहिल्या वर्षी मास्टर्स चॅलेंज विसरून जा. पाचही प्रकार बाद न होता पुरे करायचे, एवढंच उद्दिष्ट ठेवा. तेही वाटतं तितकं सोपं नाही.

आपल्याला त्यातल्या त्यात जवळ पडणाऱ्या स्पर्धा सिंगापूर, हाँगकाँग, जपानकडच्या. अर्ज भरण्याआधी आयोजकांना लेखी विचारून घ्या: बाहेरच्या देशातला नवखा स्पर्धक चालतो का, प्रथमोपचाराचं किंवा बचावाचं प्रमाणपत्र लागतं का, विमा कोणी काढायचा, आणि यंदाच्या नियमांची कोणती आवृत्ती लागू आहे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण नियम बदलत राहतात. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत दिसणारा एखादा प्रकार आज त्याच स्वरूपात असेलच असं नाही.

नियमपुस्तक दोनदा वाचा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन फक्त दोन गोष्टींखाली रेघ मारा: कशाने गुण कापले जातात आणि कशाने माणूस बाद होतो. बाद करणाऱ्या गोष्टींची यादी मराठीत, स्वतःच्या अक्षरात उतरवून सामानाच्या पिशवीत ठेवा.

टप्पा २: सामान, आणि सगळ्यात महागडी चूक

बांधकामावर मिळतो तो पाठीला कडी असलेला सेफ्टी बेल्ट घेऊन पैसे वाया घालवू नका. तो पडणाऱ्याला अडकवून धरण्यासाठी असतो, बसून काम करण्यासाठी नाही. झाडासाठीच्या हार्नेसला मांड्यांचे पट्टे असतात, दोन्ही बाजूंना लॅनयार्डच्या कड्या असतात आणि पुढे दोर जोडायला पूल (दोन कड्यांमधला आखूड दोर) किंवा मधली कडी असते. तो घेण्याआधी दुकानात टांगून घेऊन किमान दहा मिनिटं त्यात बसा. पाय बधिर झाले तर तो हार्नेस तुमचा नाही.

दोराचंही तसंच. कडे चढणाऱ्यांचा लवचीक दोर इथे कुचकामी, कारण तो ताणला जातो आणि चढताना अर्धी मेहनत त्याच्या ताणात जाते. कमी ताणाचा, झाडकामासाठी बनवलेला दोर हवा. बहुतेक असे दोर ११ ते १३ मिलिमीटर जाडीचे असतात. अमेरिकन सुरक्षा मानकात चढाईच्या दोराची तुटण्याची किमान ताकद ५,४०० पौंड, म्हणजे साधारण २४ किलोन्यूटन धरली आहे. दोराच्या टोकावर लेबल असेल तर ते कापू नका. स्पर्धेत सामान तपासणारा तपासनीस तेच शोधतो.

बाकी सामान:

- हनुवटीखाली घट्ट बसणाऱ्या पट्ट्याचं हेल्मेट. सायकलचं किंवा पट्टा नसलेलं पिवळं टोपडं चालत नाही.
- डोळ्यांसाठी चष्मा. काळ्या काचांचा नको, दाट पानांच्या सावलीत फांदी दिसत नाही.
- आपोआप मिटणारे आणि आपोआप लॉक होणारे कॅराबिनर. हाताने फिरवायच्या आट्यांचे नकोत.
- घर्षणगाठीसाठी (दोरावर सरकणारी, पण वजन पडलं की घट्ट धरणारी गाठ) उष्णता सोसणारी वेगळी दोरी, आणि जुळवून घेता येणारा लॅनयार्ड.
- म्यानातली हातकरवत. म्यान मांडीला किंवा हार्नेसला पक्कं बांधलेलं.
- दोन थ्रोबॅग (छर्रे भरलेल्या छोट्या पिशव्या) आणि थ्रोलाइन.

खोडात रुतवायचे लोखंडी काटे घेऊ नका. या स्पर्धेत जिवंत झाडाला इजा करणारं काही चालत नाही.

सामान उधारीवर आणत असाल तर आणा, पण स्पर्धेला जे नेणार त्यावरच सगळा सराव करा. आदल्या आठवड्यात कोणी भारीतलं यांत्रिक उपकरण हातात दिलं तरी नम्रपणे परत करा.

*थांबा आणि तपासा:* दोर पूर्ण लांबीभर हातातून सरकवा, डोळे मिटून. कुठे बोटांना पोकळ, सपाट किंवा काचेसारखा गुळगुळीत भाग लागला तर तिथे खूण करा. गुळगुळीत भाग म्हणजे घर्षणाने वितळलेला धागा. तसा दोर सरावातूनही बाद.

टप्पा ३: सरावाचं झाड निवडणं

इथे घाई करू नका, कारण इथली चूक गुणांत मोजली जात नाही.

कडुनिंब, चिंच आणि रायण ही आपल्याकडची भरवशाची झाडं. चिंचेचं लाकूड चिवट, फांद्यांची ठेवण चांगली. आंबा चालतो, पण साल ओली असेल तर पाय घसरतो आणि लाल मुंग्यांचं घरटं लागलं तर उतरायची पंचाईत. गुलमोहर, शेवगा आणि नीलगिरी टाळा. ठिसूळ फांदी मोडण्याआधी सूचना देत नाही. वडाचा मोह बडोद्यात सगळ्यांनाच होतो. चढायला तो सोपा, पण त्याचा चीक दोराला लागला की घर्षणगाठ कधी चिकटते, कधी अचानक सुटते. वडावर सराव करायचाच तर जुन्या दोरावर करा, आणि पारंबीला आधार समजून दोर कधीही टाकू नका.

खोडाभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नजर न्या. मुळाशी आळंबी, खोडात ढोली, सालीतली उभी चीर, वाळलेली फांदी, दुसऱ्या फांदीवर अडकून राहिलेली तुटकी डहाळी: यातलं काहीही दिसलं तर दुसरं झाड बघा. विजेच्या तारा जवळ असतील तर तपासत बसू नका, ते झाड सोडाच. तारेपासून तुम्ही, तुमचा दोर आणि करवत यांपैकी काहीही तीन मीटरच्या आत यायला नको, आणि फेकलेली थ्रोलाइन किती लांब जाते ते आठवा.

आता दोन गोष्टी ज्या परदेशी मार्गदर्शनात सापडणार नाहीत.

पहिली, आग्या मोहोळ. उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली एकच मोठं, उघडं पोळं लोंबत असतं, आणि खालून पाहिलं तर ते काळपट फुगलेल्या सालीसारखं दिसतं. फांदीला हादरा बसला की सगळा थवा एकदम उठतो, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. दुर्बीण नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून प्रत्येक जाड फांदीची खालची बाजू बघा. पोळं दिसलं तर त्या झाडावरच नव्हे, शेजारच्याही झाडावर थ्रोबॅग फेकू नका.

दुसरी, मांजा. उत्तरायणानंतर कित्येक आठवडे आपल्या झाडांचे शेंडे मांज्याने भरलेले असतात. काचेची पूड लावलेला मांजा सुती असो की नायलॉनचा, ताणलेल्या दोरावर घासला की वरचं वेष्टण कापायला लागतो. उन्हात तो दिसत नाही. सकाळी सूर्य झाडाच्या पाठीमागे असताना खाली उभं राहून बघा, चमकणाऱ्या रेषा दिसतात. थ्रोलाइन खाली ओढताना ती मध्येच करकरत अडली तर जोर लावू नका. हातमोजे घालून परत काढा आणि दुसरं बेचकं निवडा. मांज्यात पक्षी अडकलेला दिसला तर सराव बाजूला ठेवून पक्षीबचाव करणाऱ्यांना फोन करा. स्वतः सोडवायला जाऊ नका.

जागेबद्दल: सयाजीबागेतल्या किंवा रस्त्यावरच्या झाडावर परवानगीशिवाय दोर टाकू नका. ओळखीच्या शेतावर, सोसायटीच्या आवारात किंवा संस्थेच्या मैदानावर लेखी संमती घेऊन सराव करणं सोपं पडतं. एप्रिल-मेमध्ये पहाटेचीच वेळ ठेवा. पारा चाळिशीच्या पुढे गेला की हेल्मेटखाली डोकं चालेनासं होतं. पावसाळ्यात साल वाळेपर्यंत थांबा.

*सावध:* एकट्याने कधीही चढायचं नाही. खाली उभा असलेला माणूस नुसता व्हिडिओ काढणारा नको. त्याला १०८ ला फोन करून पत्ता सांगता यायला हवा, आणि वर येऊन तुम्हाला उतरवण्याइतका दोर आणि हार्नेस त्याच्याकडे स्वतंत्र हवा.

टप्पा ४: जमिनीपासून हातभर उंचीवर

पहिले काही आठवडे पाय जमिनीपासून फार वर जाऊ देऊ नका. दोर बेचक्यातून घ्या, हार्नेसला जोडा आणि बसा.

आधाराची फांदी जिवंत असावी आणि खोडाशी तिची जाडी किमान १० सेंटिमीटर असावी. दोर खोडालगत पडलाय का ते बघा, फांदीच्या टोकाकडे नाही. मग दोघांनी मिळून त्या दोरावर आपलं वजन टाकून हिसका द्या. फांदी कुरकुरली तर तिथेच थांबा.

घर्षणगाठींपैकी सुरुवातीला ब्लेक्स हिच पुरे. दोराभोवती चार वेढे आणि टोक खालच्या दोन वेढ्यांच्या आतून. टोकाला आठाची गाठ हवीच, नाहीतर टोक सरकून गाठ उकलते. सुरुवातीच्या चढाया होईपर्यंत दुसरी गाठ शिकू नका. पुढे प्रुसिक, डिस्टेल वगैरे येतातच. ब्लेक्स हिचवरून सरसर खाली घसरत आलात तर गाठीचा दोर तापतो आणि चकाकायला लागतो. हळू उतरा.

मल्लखांबातून आलेल्यांसाठी मुद्दाम: तुमचे हात चांगले आहेत म्हणूनच ते आधी थकतील. दोर ओढताना जोर मांड्यांनी आणि पोटऱ्यांनी लावायचा असतो, हात फक्त गाठ सरकवायला. हात ताठ ठेवून चढायचा एक पूर्ण दिवस सराव करा. तो दिवस फार चिडचिडीचा जातो.

आणखी एक सवय इथेच लावा. हा दोर पडणाऱ्याला झेलण्यासाठी बनवलेला नाही, तो तुम्हाला सतत धरून ठेवण्यासाठी आहे. दोर आणि तुमच्यात ५० सेंटिमीटरपेक्षा जास्त ढील राहू देऊ नका. आधारापेक्षा वर चढून उभं राहणं ही नवख्यांची आवडती चूक आहे, आणि फोटोत ती फार रुबाबदार दिसते.

*थांबा आणि तपासा:* प्रत्येक वेळी पाय जमिनीवरून उचलण्याआधी हेल्मेटचा पट्टा, हार्नेसचे बकल, कॅराबिनर, गाठ, टोकाची आठाची गाठ, आधार हे याच क्रमाने, बोटाने स्पर्श करत आणि तोंडाने म्हणत तपासा. कॅराबिनर मिटला की बोटाने गेट आत दाबून बघा. लॉकचा क्लिक ऐकू आला म्हणून समाधान मानू नका. गेटच्या फटीत गाठीच्या दोरीचा एक पेड अडकलेला असतो तेव्हाही क्लिकसारखा आवाज येतो.

टप्पा ५: थ्रोलाइन

हा प्रकार चालता चालता करता येतो आणि सगळ्यात कमी लोक त्याला वेळ देतात. थ्रोबॅगचं वजन साधारण २८० ते ४५० ग्रॅम. हलकी पिशवी उंच जाते, पण बारीक डहाळीवर अडकली की खाली येत नाही. जड पिशवी खाली येते, पण उंचीला कमी पडते. दोन्हींचा अंदाज हाताला यायला हवा.

लाइन घडीच्या चौकोनी पिशवीत सुटी पडलेली हवी. पायाशी टाकून ठेवलेली लाइन गवतात, पानात, स्वतःच्या बुटात अडकते. दोन्ही हातांनी थ्रोबॅग पायांमधून झुलवत सोडा आणि नजर थ्रोबॅगवर नव्हे, बेचक्यावर ठेवा. फेकण्याआधी मोठ्याने इशारा द्या आणि खाली कोणी नाही याची खात्री करा. घरीसुद्धा. इशारा न देण्याची सवय स्पर्धेत महागात पडते.

टप्पा ६: दोन चढाया

दोरावरच्या चढाईत तुम्ही तुमच्या किंवा नियमांत सांगितलेल्या पद्धतीने वर जाता आणि वर घंटा वाजवता. वेळ मोजला जातो, पण खाली यायच्या तयारीत गोंधळ झाला तर वाचवलेले सेकंद मातीमोल. म्हणून सराव असा: वर जा, थांबा, उतरण्याची जोडणी पूर्ण करा, तपासा, मग खाली. चढण्यापेक्षा हा बदल जास्त वेळा घोटा.

वेगवान चढाईत झाडावरूनच हातापायांनी चढायचं असतं, खालून दुसरा माणूस दोर सांभाळतो. घंटा साधारण १८ मीटरवर असते. त्या दोराला धरून वर ओढून घ्यायचं नाही. मल्लखांबवाल्यांनी आपला हात इथे दाखवावा, आधी नाही. चढण्यापूर्वी झाडाखाली उभं राहून मार्ग बोटाने हवेत रेखून घ्या: उजवा हात इथे, डावा पाय तिथे. वर गेल्यावर मार्ग शोधत बसणारा माणूस वेळ हरतो.

टप्पा ७: कामाची चढाई

सगळी परीक्षा इथेच. झाडात वेगवेगळ्या ठिकाणी घंटा बांधलेल्या असतात. काही हातकरवतीने वाजवायच्या, काही लांब काठीच्या करवतीने. एका आडव्या फांदीवर टोकापर्यंत चालत जायचं. एका ठिकाणाहून एक सुटी काठी खाली ठरावीक जागी फेकायची. शेवटी जमिनीवर खुणेच्या आत, तोल न जाता उतरायचं.

चालण्याच्या फांदीवर जास्त भार पडला की कळेल अशी व्यवस्था असते. म्हणजे फांदीवर चालायचं, पण वजन दोरावर ठेवायचं. बहुतेक जण उलट करतात: दोर ढिला सोडून फांदीवर तोल सांभाळत जातात. घरी सराव करताना फांदीच्या टोकाला दोरीने पाण्याची अर्धी भरलेली बाटली टांगा, तिचा तळ जमिनीपासून बोटभर वर. बाटली टेकली की तुम्ही फांदी जास्त वाकवली. परतताना ढील घेत घेत या. बाहेर जाताना सगळे जपतात, परतताना झोका बसतो.

करवतीच्या ठिकाणी क्रम पक्का करा: जागेवर स्थिर व्हा, लॅनयार्ड दुसरा आधार म्हणून लावा, मग करवत बाहेर काढा, घंटा वाजवा, करवत म्यानात, आणि मगच लॅनयार्ड सोडा. करवत हातात घेऊन हललात की चूक झाली. काठी फेकताना इशारा, खाली नजर, मग फेक. इशारा आणि फेक एका श्वासात झाली तर तो इशारा नाही.

उतरताना वेगाच्या मोहात शेवटचे दोन मीटर घाण होतात. त्याच्या वरच एकदा पूर्ण थांबा, खूण बघा, मग सोडा.

*सावध:* सराव करताना जिवंत फांदी मोडली तर सोडून देऊ नका. कुठे पाय ठेवला होता ते बघा. स्पर्धेत झाडाला झालेली इजा गुणांत धरली जाते, आणि एरवीही ते आपलं झाड नाही.

टप्पा ८: बचाव

वर जखमी माणसाच्या जागी पुतळा लटकलेला असतो, सोबत एक प्रसंग सांगितलेला असतो, आणि वेळ मर्यादित. नवखा स्पर्धक शिट्टी वाजताच झाडाकडे धावतो आणि तिथेच निम्मे गुण घालवतो.

क्रम असा बसवा. थांबा. झाडाकडे, तारेकडे, तुटक्या फांदीकडे बघा. जखमी माणसाला मोठ्याने हाक मारा. खालच्या माणसाला मदत बोलवायला सांगा आणि त्याने बोलावली याची खात्री करून घ्या. वर आधीपासून असलेल्या दोरावर विश्वास ठेवण्याआधी तो तपासा. मग चढा. पोचल्यावर स्वतःला आधी पक्कं करा, जखमीशी बोलत राहा, त्याला तुमच्याशी जोडा, त्याचा लॅनयार्ड शेवटी सोडा. खाली उतरवताना त्याचं डोकं फांद्यांपासून वाचवा आणि जमिनीवर हळू टेकवा.

हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाची प्रकृती काही मिनिटांत बिघडू शकते. त्यामुळे इथली घाई खरी आहे, पण ती हाताच्या कामात हवी, निर्णयात नको.

घरी सरावासाठी जुन्या पॅन्ट-शर्टात वाळूच्या पिशव्या भरा. सुरुवातीला हलका पुतळा, मग माणसाच्या वजनाकडे न्या. बोलणं लाजून टाळू नका. पुतळ्याला "घाबरू नका काका, आलोच" म्हणताना शेजारचे हसतील. स्पर्धेत जज ऐकत असतात, आणि तिथे ज्या भाषेत बोलायचंय त्याच भाषेतली चार वाक्यं पाठ करून जा.

टप्पा ९: निघण्याआधीचा आठवडा

नवीन काही शिकू नका. दोर थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. बूट, दोर आणि पिशव्यांतली माती, सालीचे कण, पानं पूर्ण काढा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत मातीसकट उतरलात तर सामान विमानतळावरच अडकतं. करवत, कॅराबिनर आणि थ्रोबॅग चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात नाही. छर्रे भरलेली पिशवी पडद्यावर फार संशयास्पद दिसते.

शेवटची मोठी चढाई निघण्याच्या तीन दिवस आधी. मग फक्त गाठी, बसल्या जागी.

टप्पा १०: स्पर्धेचे दिवस

सामानाची तपासणी बहुधा आदल्या दिवशी होते. प्रत्येक वस्तू सुटी करून, चादरीवर मांडून ठेवा. गुंत्यातून ओढून काढलेला दोर तपासनीस जास्त बारकाईने बघतो. एखादी वस्तू नाकारली तर वाद घालू नका, बदली मागा. पण बदली वस्तूवर जमिनीलगत दोन-चार वेळा बसून बघितल्याशिवाय वर जाऊ नका.

झाडं दाखवतात तेव्हा पुढे उभे राहा आणि शंका तिथेच विचारा. तुमची पाळी येईपर्यंत आधीच्या दोघांना बघा, पण त्यांचा मार्ग उचलू नका. त्यांची उंची आणि हात वेगळे आहेत. पाणी थोडं थोडं पीत राहा, आणि पोट भरून खाणं टाळा.

वर असताना काही चुकलं, घंटा राहिली किंवा दोर अडकला, तर मोठ्याने "थांबतो" म्हणा, लॅनयार्ड लावा आणि तीन श्वास घ्या. जज थांबायला सांगत असेल तर हात जागच्या जागी थांबले पाहिजेत. कारण नंतर विचारा.

संपल्यावर गुणपत्रिकेची प्रत मागून घ्या आणि कुठल्या प्रकारात कशासाठी गुण कापले ते जजकडून समजून घ्या. मग दोर परत एकदा डोळे मिटून हातातून सरकवा आणि जिथे चीक, चकाकी किंवा सुटलेला धागा लागेल तिथे टेपने खूण करून ठेवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत जागा विसरते.